लाक्सोची सही

शार्लीनने फोन काउंटरवर असा आपटला की काचेच्या कपाटातले बटर टार्टसुद्धा दचकले असतील.

"हेल्मी, हा कुत्रा कुणाचा?"

फोटोतलं अंगण हेल्मी लाक्सोचं होतं, त्यात वादच नव्हता. कुंपणाच्या गळ्यापर्यंत आलेला बर्फ, शेगडीसाठी रचून ठेवलेली लाकडं, आणि मधोमध, कुणीतरी जुना सोफा फेकून द्यावा तसा पसरलेला एक काळाकुट्ट, अस्वलाएवढा कुत्रा.

"फोटो तू काढलास ना? मग तूच सांग," हेल्मी म्हणाली आणि कॉफीच्या पिंपाची तोटी पुसत राहिली.

"मुर्रे आहे हा. नीलोचा मुर्रे." शार्लीनने मागे वळून लांब टेबलाकडे पाहिलं. "कुत्रा आईकडे पोचलाय, मंडळी. आता बोला."

लांब टेबलाला बोला म्हणून सांगावं लागत नसे. पाइन नॅरोजमध्ये चर्च तीन आहेत, पण पापांचा खरा निवाडा व्हायचा तो रिंकच्या कॅन्टीनमधल्या या टेबलावर. आणि पापं नेहमी दुसऱ्याची. टेबलाच्या एका बाजूला मोठी काच, काचेपलीकडे रिंकचा बर्फ, अलीकडे कॉफीची वाफ. इथे बसून गावाने कितीतरी प्रशिक्षकांना नोकरीवरून काढलं होतं, कितीतरी गोलरक्षकांना देशोधडीला लावलं होतं, आणि त्यातल्या एकालाही त्याचा पत्ता नव्हता.

टेबलाच्या टोकाशी रेमी पिलॉन बसायचा. खाणीतून निवृत्त झालेला, खांदे अजून दरवाजाएवढे, आणि आवाज असा की जमिनीखाली अर्धा मैल दूर ऐकू जावा. एकेकाळी तो गावातल्या पोरांना बर्फावरची हॉकी शिकवत असे. नीलो लाक्सोलाही त्यानेच शिकवलं, आणि ही गोष्ट तो हवामानासारखी रोज सांगायचा. त्याच्या शेजारी ऑरेस्ट हनातिव, शाळेची बस चालवणारा. पोरांना शाळेत सोडलं की तो थेट इथे यायचा आणि कागदी रुमालांवर टीमचे पगार मांडून बसायचा. आणि शार्लीनचं केस कापायचं दुकान. गावातल्या अर्ध्या डोक्यांवरून तिचा हात फिरायचा, आणि उरलेल्या अर्ध्या डोक्यांत काय चाललंय ते तिला आधीच ठाऊक असायचं.

"म्हणजे निघाला पठ्ठ्या," रेमी म्हणाला. तो खुर्चीत मागे रेलला. "देवा, एकदाचा निघाला."

हेल्मीने तोटी पुन्हा पुसली. ती केव्हाच स्वच्छ झाली होती.

मार्चमधला तो शुक्रवार होता. दुपारी तीनपर्यंत लीगमधल्या टीमना खेळाडूंची अदलाबदल करता येणार होती. त्यानंतर दार बंद. आणि गावाचा जीव जिच्यात अडकलेला, ती दक्षिणेकडच्या शहरातली रेलमेन टीम प्लेऑफच्या, म्हणजे कपसाठीच्या शेवटच्या फेऱ्यांच्या, उंबरठ्यावर एक पाय आत, एक बाहेर अशी लोंबकळत होती. तिला गोल करणारा माणूस हवा होता. असा माणूस पश्चिम किनाऱ्यावरच्या टीमकडे होता, हावेल नावाचा, पंचवीस वर्षांचा, वाऱ्याच्या पायाचा. ती टीम हावेलला द्यायला तयार होती. बदल्यात तिला डिफेन्समध्ये एक अनुभवी माणूस हवा होता, आणि तिने नाव घेतलं होतं नीलो लाक्सोचं.

गोष्ट इथेच संपायला हवी होती. पण नीलोच्या करारात एक अट होती: त्याच्या सहीशिवाय त्याला कुठेही धाडता येणार नाही. चार वर्षांपूर्वी टीमने तो करार केला, तेव्हा नीलो भिंतीसारखा खेळायचा आणि गावाने रस्त्यात शेकोट्या पेटवून आनंद केला होता. आता तो चौतिशीचा होता. गुडघे कुरकुरत होते, नवी पोरं त्याच्या बगलेतून सटकून जात होती, आणि कराराची दोन वर्षं अजून शिल्लक होती.

"मी सांगतो तुम्हाला साधं करून," ऑरेस्ट म्हणाला. कुणी विचारलं नव्हतं. "लीगने प्रत्येक टीमला एकाच मापाचं अंथरूण दिलंय. त्यालाच कॅप म्हणतात. सगळ्यांचे पगार मिळून पाय त्याच्याबाहेर जाता कामा नयेत. आणि आपल्या अंथरुणावर एक म्हातारा आडवा झोपलाय. मग हावेलने टेकायचं कुठे?"

"म्हातारा घोरतोय पण," शार्लीन म्हणाली.

सगळे हसले. म्हाताऱ्याची आई सहा हातांवर उभी होती, पण आताशा तिचं कुणी मनावर घेत नसे. सुरुवातीला, नीलोचा खेळ उतरू लागला तेव्हा, ती जवळ आली की टेबल हवामानावर यायचं. मग हळूहळू आवाज तेवढा खाली यायचा. नाताळानंतर तोही येईनासा झाला. उलट आता ती जवळ आली की आवाज चढायचा, जणू तिच्या कानातून तो थेट नीलोपर्यंत पोचणार होता.

आणि खरं सांगायचं तर हेल्मीला हॉकी या तिघांपेक्षा कमी कळत नव्हती. एकेकाळी तीही याच टेबलावर बसायची. नीलो मोठ्या लीगमध्ये जाण्याआधी तिची जीभ रेमीपेक्षा धारदार होती. एका थकलेल्या खेळाडूला तिने भर हिवाळ्यात 'गंजका खिळा' म्हटलं होतं आणि ते नाव गावभर झालं होतं. त्या खिळ्यालाही कुठेतरी आई असेल, हे तेव्हा तिच्या डोक्यात आलं नव्हतं. आता ऑरेस्टचं गणित ऐकताना तिला त्यात चूक सापडत नव्हती, हेच तर दुखणं होतं. नीलो गेला तर हावेल येईल. हावेल आला तर टीम प्लेऑफमध्ये जाईल. हे तिला रुमालाशिवाय कळत होतं.

फक्त कुत्र्याबाबत ते चुकले होते.

हॉकीवेडी माणसं पक्षी बघणाऱ्यांसारखी खुणा वाचतात. कुणाची गाडी विकायला निघाली, कुणाच्या बायकोने पोरांची शाळा बदलली, लगेच अर्थ निघतो. दोन वर्षांपूर्वी एका खेळाडूची होडी विकायला असल्याची जाहिरात शार्लीनने हेरली होती आणि पुढच्याच आठवड्यात तो खेळाडू खरंच दुसरीकडे गेला. तेव्हापासून ती स्वतःला ज्योतिषी समजायची. खेळाडू निघायचा असला की आधी कुत्रा निघतो, हा तिचा नवा सिद्धांत.

मुर्रे मात्र वेगळ्याच कारणाने निघाला होता, आणि तोही दोन महिन्यांपूर्वी; दिवसा घरात शेगडीपाशीच पडून असल्याने तो आजवर कुणाला दिसला नव्हता. जानेवारीत, सुट्टीच्या एका दुपारी, नीलो काही न कळवता दारात उभा राहिला. एका हातात कुत्र्याचा पट्टा, दुसऱ्या हातात त्याची भलीमोठी ताटली. त्याची बायको कॅरोलिन आणि तो वेगळे झाले होते. भांडण नाही, तमाशा नाही. दोन माणसं एका घरात हळूहळू गोठत गेली, एवढंच. त्यांची सहा वर्षांची मुलगी सिल्वी एक आठवडा आईकडे, एक आठवडा बापाकडे राहणार होती. बापाने शाळेजवळ छोटी जागा भाड्याने घेतली, आणि त्या इमारतीत कुत्र्यांना मनाई. नीलोने स्वयंपाकघरात बसून वाटाण्याचं सूप दोनदा घेतलं आणि म्हणाला, "आई, कुणाला सांगू नकोस. खेळाबद्दल काय बोलायचं ते बोलू देत. एवढं एक माझं राहू दे." हेल्मीने मान हलवली होती. लाक्सो घराण्यात शपथा घ्यायची पद्धत नाही. मान हलवली की झालं.

म्हणून ती तोटी पुसत राहिली. आणि शार्लीनने तो फोटो रेलमेनच्या चाहत्यांच्या चावडीवर, म्हणजे त्यांच्या त्या इंटरनेटवरच्या पानावर, टाकला.

त्या फोटोला पाय फुटले, पंख फुटले. अकरा वाजेपर्यंत तो शहरात पोचला. बाराच्या सुमारास कॅन्टीनच्या कोपऱ्यातल्या टीव्हीवर, कोट घातलेल्या चार पंडितांच्या मागे, हेल्मीचं अंगण आणि त्यात पसरलेला मुर्रे दिसू लागले. लाक्सोच्या कुटुंबाच्या जवळच्या गोटातून असं कळतं की तो जायला तयार आहे, असं एक पंडित गंभीर चेहऱ्याने सांगत होता.

"जवळचा गोट म्हणजे मी," शार्लीनने जाहीर केलं. रेमीने तिच्या पाठीवर थाप मारली आणि सगळ्या टेबलासाठी रश्श्यात बुडवलेल्या बटाट्यांची फर्माईश केली. हेल्मी बटाटे तळायला मागे वळली, तेवढ्यात खिशात फोन थरथरला. ती कागदी पेल्यांच्या खोलीत शिरली आणि दार ओढून घेतलं.

"आई," नीलो म्हणाला, "टीव्हीवर मुर्रे आहे."

"बघितलं."

"तू काही बोललीस का कुणाला?"

"शार्लीनने कुंपणावरून फोटो काढला. मी तोंड उघडलेलं नाही."

मग तो सांगू लागला. टीमचा मॅनेजर सकाळपासून मागे लागला होता. टीव्हीवर कुत्रा आल्यापासून तर त्याचा सूरच बदलला होता. तुझ्या घरच्यांनी बांधाबांध केलीच आहे, मग आता ताणतोस कशाला, असं म्हणत होता. नाही म्हणालास तर पुढची दोन वर्षं बाकावर बसशील, हेही त्याने गोड शब्दांत सांगून टाकलं होतं. तिकडे गेलास तर कप जिंकशील, तुझी शेवटची संधी. नीलो हे सगळं दुसऱ्या कुणाची तरी गोष्ट सांगावी तसं सांगत होता.

"आई, तू त्या टेबलावर बसलेली असतीस तर काय म्हणाली असतीस? खरं सांग."

हेल्मीने पेल्यांच्या एका रांगेवर हात टेकला. खोटं तिला येत नव्हतं असं नाही, पण हॉकीच्या बाबतीत येत नव्हतं.

"विकून टाका म्हणाले असते."

"हं." तो हसल्यासारखा वाटला. "मलाही तेच वाटतं. मी त्यांच्या जागी असतो तर मला विकलं असतं."

"टीम घरी असली की बुधवारी सिल्वीला शाळेतून कोण आणतं?"

"मी."

"मग बुधवारी जा आणि तिला घेऊन ये."

पलीकडून नाक शिंकरल्याचा आवाज आला. लाक्सोंना सर्दी फार लवकर होते.

"ते तुझ्यावर उलटतील," नीलो म्हणाला.

"बटाटे करपतायत," हेल्मी म्हणाली आणि फोन ठेवला.

बटाटे खरंच करपले होते. तिने दुसरे टाकले.

अडीचच्या पुढे कॅन्टीन भरायला लागलं. एरवी इतकी गर्दी फक्त पोरांच्या अंतिम सामन्याला होते. दुकानं बंद करून माणसं आली होती. ऑरेस्टने बसची दुपारची फेरी भावाच्या गळ्यात मारली होती. रेमीने खुर्च्या टीव्हीकडे वळवल्या, आणि प्रत्येक नवा माणूस आत आला की शार्लीन त्याला कुत्र्याची कथा पहिल्यापासून सांगायची. प्रत्येक वेळी कुत्रा थोडा मोठा व्हायचा. लोक हेल्मीशी गोड बोलत होते. कित्येक महिन्यांनी कुणीतरी तिला विचारलं, तब्येत कशी आहे. एकाने तर, पोरगा जाताना गावाचं भलं करून चाललाय, असं म्हणून तिचा हात हातात घेतला. ती कॉफी ओतत राहिली. आत्ता सांगून टाकावं, असं एकदा तिच्या ओठांवर आलं. पण सही करायची की नाही हे नीलोने ठरवायचं होतं, आणि ते जाहीरही त्यानेच करायचं होतं.

तीन वाजले. पंडित बोलत राहिले. तीन वाजून गेले तरी बोलत राहिले, कारण कागद कधीकधी उशिरा पोचतात. रेमी अर्धा उठून उभा होता. मग एका पंडिताने कानातल्या यंत्रावर बोट दाबलं, भुवया उंचावल्या आणि सांगितलं की लाक्सोने सहीला नकार दिला. व्यवहार फिसकटला. हावेलला दुसऱ्याच टीमने उचललं होतं, आणि तीसुद्धा नेमकी ती टीम, जी प्लेऑफच्या जागेसाठी रेलमेनशी झुंजत होती.

कॅन्टीनमध्ये फक्त तळणीचा चुर्र आवाज राहिला.

"फसवलंस तू आम्हाला," शार्लीन म्हणाली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. संबंध देशासमोर तिचं ज्योतिष तोंडावर आपटलं होतं. "कुत्रा मुद्दाम अंगणात बांधलास. आम्हाला वेड्यात काढायला."

"कुत्रा बांधलेला नव्हता. तो हलतच नाही."

"मग आणलाच कशाला इथे? सांग ना. का आणला?"

सगळे तिच्याकडे बघत होते. एक वाक्य पुरलं असतं. ते वाक्य हेल्मीला पाठ होतं. जानेवारीपासून ते तिच्या जिभेच्या टोकाशी बसून होतं. ते बोलली असती तर निम्म्यांनी माना खाली घातल्या असत्या, शार्लीन बहुधा रडलीही असती, आणि संध्याकाळपर्यंत नीलोचं मोडलेलं घर त्या कोटवाल्या पंडितांच्या मागे झळकलं असतं.

"म्हातारा झालाय," ती म्हणाली. "त्याला अंगण हवं होतं."

"तुझ्या पोरालाही अंगण हवंय," ऑरेस्ट म्हणाला. त्याचा आवाज खाली होता आणि म्हणूनच जास्त लागला. "साडेपाच मिलियनचं. त्यात लोळायचं, आणि गावाने बाहेरून बघायचं."

रेमी टेबलाला वळसा घालून काउंटरशी आला. त्याने दोन्ही पंजे काउंटरवर ठेवले.

"स्केटची नाडी कशी बांधायची ते मी त्याला शिकवलं. मी. पहाटे, माझ्या गाडीतून, उणे चाळीस तापमान असताना मी त्याला इथे आणायचो. एवढंच मागितलं होतं. बाजूला हो. पोरांना जिंकू दे. पण नाही. भित्रा आहे तो. नव्या गावात जाऊन पुन्हा उभं राहायची छाती नाही त्याच्यात." तो थांबला, आणि थांबायचं तर तिथेच थांबायला हवं होतं. "आर्वो असता ना आज, तर शरमेने मेला असता."

आर्वो म्हणजे हेल्मीचा नवरा. रेमीबरोबर एकाच पाळीत खाणीत उतरायचा. त्याला जाऊन नऊ वर्षं झाली होती आणि शवपेटी ज्या सहाजणांनी उचलली त्यांत पहिला खांदा रेमीचा होता.

"आर्वो एकदा मेलाय, रेमी," हेल्मी म्हणाली. "तू तेव्हा माझ्यापेक्षा जास्त रडलास. त्याला परत कशाला मारतोस?"

रेमीने पंजे काउंटरवरून काढून घेतले. मग त्याने जे केलं ते बोलण्यापेक्षा वाईट होतं. काउंटरच्या मागच्या भिंतीवर आकड्यांची एक रांग होती आणि प्रत्येक आकड्याला नेहमीच्या माणसाचा कप टांगलेला असायचा. कप ज्याचा त्याने घरून आणायचा, टांगायची परवानगी मात्र टेबलाने द्यायची. असा आकडा मिळायला वर्षं लागत. आणि कप उतरवून नेणं म्हणजे काय ते पाइन नॅरोजमध्ये शाळकरी पोरालाही कळतं. रेमीने हात लांब करून स्वतःचा कप काढला. त्यात कॉफीचा एक थेंब होता, तो त्याने फरशीवर झटकला आणि बाहेर पडला.

त्याच्यामागून ऑरेस्ट. त्याने कप कोटाच्या खिशात कोंबला, तो मावेना, मग हातातच धरला. शार्लीनच्या कपावर मांजराचं चित्र होतं. तिने तो काढला आणि दारापर्यंत गेल्यावर एकदा वळून पाहिलं. मग एकामागून एक बाकीचे. कुणी डोळ्याला डोळा भिडवला, कुणी नाही. कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर हेल्मीला बरं वाटलं असतं. ओरडणारा माणूस उद्या परत येतो.

आकडे रिकामे झाल्यावर भिंत फारच मोठी दिसायला लागली. हेल्मीने फडकं आणलं आणि फरशीवरचा थेंब पुसला. चारला पोरींचा सराव होता. त्या आल्या, हेल्मेट मांड्यांवर आपटत, गरम चॉकलेट मागत, आणि तिने सगळ्यांना दिलं.

दुसऱ्या दिवशी शनिवार. कॅन्टीनला कुलूप लावून तिने गाडी दक्षिणेकडे काढली. शेजारणीने मुर्रेला खायला घालायचं कबूल केलं होतं. शेजारीण हॉकी बघत नसे, देव तिचं भलं करो. पाच तासांचा रस्ता, दोन्ही बाजूंना बर्फ आणि काळी झाडं, आणि रेडिओवर फक्त नीलो. श्रोते फोन करत होते. कुणाला त्याला बाकावर बसवायचं होतं, कुणाला गावठी लीगमध्ये धाडायचं होतं. एका बाईने अगदी शांतपणे सुचवलं की त्याचा गुडघा मोडला तर बरं, कारण जखमी खेळाडूचा पगार कॅपमधून बाजूला काढता येतो. हेल्मीने रेडिओ बंद केला नाही. ती त्या बाईचा मुद्दा तपासत होती, आणि नियमाच्या दृष्टीने बाई बरोबर होती.

तो बापाचा आठवडा होता. सामन्याच्या दिवशी सिल्वीला सांभाळायला एक मुलगी यायची, पण आज आजी येणार म्हणून तिला सुट्टी. दार उघडलं तेव्हा सिल्वी बूट घालूनच उभी होती. तिच्या दोन वेण्या इतक्या घट्ट होत्या की भुवया वर ओढल्या गेल्या होत्या, आणि टोकांना रिबिनीऐवजी हॉकीच्या काठीला गुंडाळतात ती पांढरी कापडी पट्टी.

"बाबाने घातल्या," ती म्हणाली. "मुम्मो, बाबाच्या वेण्या झोपेतपण सुटत नाहीत."

"दिसतंय," तिची मुम्मो, म्हणजे आजी, म्हणाली.

जागा बर्फाच्या जवळ होत्या, खेळाडूंच्या घरच्यांपासून मुद्दाम लांब, साध्या लोकांत. हेल्मीने स्वतः निवडल्या होत्या. सिल्वीने मक्याच्या लाह्यांचा डबा मांडीवर घेतला आणि पाय हलवत बसली. दिवे मंदावले, नावं पुकारली जाऊ लागली. प्रत्येक नावाला टाळ्या, शिट्ट्या. मग लाक्सो.

हेल्मीला वाटलं होतं, ती तयार आहे. पण तो आवाज कानाने ऐकायचा नव्हताच. तो खुर्चीतून वर चढला, मणक्यातून गेला. अठरा हजार माणसं तोंडाचा चंबू करून 'बूऽऽ' असा एकच धिक्काराचा हुंकार देत होती. खाली नीलो निळ्या रेषेवर उभा होता, मान सरळ, काठी बर्फावर टेकलेली. सामना सुरू झाला, आणि पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, त्याच्या काठीला लागला की तोच हुंकार. काठीवरून गेला की बंद. जणू कुणी दार उघडत होतं आणि लावत होतं.

मागच्या रांगेत एक माणूस होता. त्याचं तोंड हेल्मीच्या उजव्या कानापासून वीतभर. तो दर वेळी हुंकारानंतर स्वतःचं काहीतरी जोडायचा. घरी जा लाक्सो. पैसे परत दे लाक्सो. त्याच्याबरोबरचे खिदळायचे.

सिल्वीने लाह्या खाणं थांबवलं. "मुम्मो, हे बाबाला ओरडतायत?"

"हो."

"का?"

"त्यांना वाटतं, बाबाने इथे नसावं."

"मग कुठे असावं?"

"लांब. पार समुद्रापाशी."

सिल्वीने यावर विचार केला. एक लाही तोंडात टाकली. हात वर करून वेणीच्या टोकाची पट्टी जागेवर आहे का ते चाचपलं. ती होती. मग ती पुन्हा बर्फाकडे बघू लागली, बाप कुठे आहे ते शोधत.

खाली नीलो पक घेऊन वळला. हुंकार उठला.

हेल्मीने कोटाची चेन खाली ओढली. जाड, गुडघ्यापर्यंतचा कोट होता, त्यातून हात काढायला वेळ लागला. तिने घाई केली नाही. आधी एक बाही, मग दुसरी. कोटाची नीट घडी घातली आणि ती सिल्वीच्या पायांवर ठेवली, कारण बर्फाजवळ पायांना गारठा लागतो. आत तिने निळी जर्सी घातली होती. पाठीवर, या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत, पांढऱ्या अक्षरांत आडनाव होतं.

ती पुढे वाकली नाही, मागे टेकली नाही. ताठ बसली, म्हणजे मागच्यांना वाचता यावं.

"घरी जा ला..." मागचा माणूस म्हणाला, आणि तिथेच थांबला.

बाकीचे सगळे चालूच राहिले.